आठ दिवसांपुरते

चार ठोकळे फुटून झाले तरी दोघांपैकी कोणी बोलले नव्हते.

ठोकळे भिंतीपलीकडे फुटत होते. हे कार्यालय बांधकामाचे साहित्य तपासून देणारे. पलीकडच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे चौकोनी ठोकळे यंत्राच्या जबड्यात ठेवून दाबले जात, आणि दर काही मिनिटांनी एकेक ठोकळा धप्प आवाज करून आपली ताकद किती होती ते सांगून मोकळा होई. अलीकडे, सर्व्हरच्या खोलीत, पंख्यांची अखंड घरघर होती. वहिनी टेबलापलीकडे उभ्या होत्या. बसा म्हटले तरी बसल्या नव्हत्या. त्यांनी आणलेला छापील कागद कीबोर्डला टेकून पडला होता आणि जाळेकर तो तिसऱ्यांदा वाचत होता. पहिल्याच वाचनात त्याला सगळे समजले होते. पुढची दोन वाचने वर पाहावे लागू नये म्हणून होती.

जाळेकर हे त्याचे आडनाव नव्हे. वहिनी या कार्यालयात सतरा वर्षे; तो सहा वर्षांपूर्वी त्यांच्याच शब्दावर लागला. एका आडनावाची दोन माणसे झाल्यावर टपालाची आणि निरोपांची अदलाबदल होऊ लागली, तेव्हा संगणकांचे जाळे सांभाळतो म्हणून अहवाल विभागातल्या कोणीतरी त्याचे हे नवे बारसे करून टाकले. नाव चिकटले. खरे आडनाव उरले ते हजेरीपटावर आणि घराच्या दारावर. त्या दाराआड दादा, वहिनी आणि तो असे तिघे राहत. रोज सकाळी दीर-भावजय एकाच स्कूटरवरून कामाला येत, आणि दोघांची हेल्मेटे दिवसभर या खोलीच्या दारामागे एकाच खिळ्याला लटकत.

पूर्वी घरात चौघे होते. चौथा खारू, दादा-वहिनींचा एकुलता एक मुलगा. लहानपणी उशीखाली शेंगदाणे साठवायचा म्हणून काकानेच ठेवलेले नाव. मोठेपणी त्याने उशीखाली एक अख्खे वर्ष साठवले: रोज सकाळी पाठीला सॅक लावून कॉलेजला निघायचा, आणि कॉलेज तर त्याने वर्षाच्या सुरुवातीलाच सोडलेले होते. ते उघडकीला आले त्या दिवशी दादांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर कधीतरी उतरलाही असता. ते वर्तमानपत्राची घडी घालीत म्हणाले की या घराला आता मुलगा नाही, आणि खारूने तीच सॅक उचलली.

पाच महिन्यांनी दादांनी धाकट्या भावाला हाक मारली होती. आईला कुठूनतरी लिहीत असेल तो, घरच्या कॉम्प्युटरवर जरा बघ, तुला काय, दोन मिनिटांचं काम. जाळेकरने बघितले. खरोखर दोनच मिनिटे लागली. पत्ता एका छापखान्याचा निघाला. दादा तिथे गेले आणि गिऱ्हाइकांदेखत, मालकादेखत काय बोलले कोण जाणे. संध्याकाळपर्यंत खारूची नोकरीही गेली आणि तो त्या गावातूनही गेला. त्यानंतर घरात त्याचे नाव निघाले नाही. त्याचा विषय मिटला असे जाळेकरने मानले होते. वहिनी ताटे मांडताना चौथे ताट काढून पुन्हा ठेवतात, हे त्याला दिसत असे. पण दिसते ते सगळेच माणूस वाचत नाही.

कागद मात्र वाचावा लागला. वरच्या भागात कार्यालयाच्या मोठ्या साहेबांचे उत्तर होते: ‘आपले पत्र मिळाले. मी वीस तारखेपर्यंत रजेवर आहे. परतल्यावर पत्र वाचून उत्तर देईन.’ खाली साहेबांचा हुद्दा. आणि त्याच्याही खाली, आईला उद्देशून:

‘आई, या माणसाला मी कधीच लिहिलं नाही. मी फक्त तुला लिहिलं. मग हा माझं पत्र वाचणार म्हणजे काय? काका अजून तिथेच आहे ना? मग झालं. आता लिहू नकोस. हा पत्ता बंद करतोय.’

“साहेबांना त्याचं पत्र कसं गेलं, भाऊजी?” वहिनींनी विचारले.

जाळेकरच्या जिभेवर एक तयार वाक्य होते. सहा वर्षांत ते त्याने शंभरदा वापरले होते, कधी स्वतःची चूक झाकायला, कधी दुसऱ्याची. सर्व्हर कधीकधी असं करतो. हे ऐकले की लोक मान डोलावून निघून जात. आभाळ भरून आल्यावर कोणी आभाळाला जाब विचारीत नाही, तसे.

“सर्व्हर कधीकधी...” तो म्हणाला.

“भाऊजी, मला यातलं ओ की ठो कळत नाही. म्हणून तरी खरं सांगा. ज्याला कळतं त्याला थाप मारलीत तर तो पकडेल तरी.”

पाचवा ठोकळा फुटला. मग त्याने सांगितले. स्क्रीनकडे बघत, चौकशीतल्या साक्षीदारासारखे, तारखांसकट.

सात महिन्यांपूर्वी एका ठेकेदाराला आपले ठोकळे नापास झाल्याचे अहवालावर सही होण्याआधीच कळले होते. एकदा नव्हे, तीनदा. कुठेतरी पाणी मुरते आहे अशी साहेबांची खात्री पटली, आणि प्रत्येक अहवाल वहिनींच्या टेबलावरून जातो, हे त्यांना आठवले. त्यांनी जाळेकरला आत बोलावून दार लोटून घेतले. बाईंना येणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत आपल्याकडे फॉरवर्ड होईल असे कर, म्हणाले. मूळ मेल त्यांना मिळत राहील, त्यांना पत्ता लागायचे कारण नाही. आठ दिवसांपुरतं. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटले असावे, कारण साहेबांनी लगेच आवाज मऊ केला. घरातलाच माणूस म्हणून तुला सांगतोय, जाळेकर. बाहेरच्याला सांगितलं तर चार ठिकाणी बोभाटा होईल आणि बाईंची उगाच शोभा होईल. ते इतक्या हुशारीने बोलले की नकार देणे म्हणजेच वहिनींची बदनामी करणे ठरले असते. निघताना त्यांनीही तेच म्हटले होते: तुला काय, दोन मिनिटांचं काम.

या खोलीची एक शिस्त होती, आणि ती जाळेकरने स्वतः घालून घेतली होती. निळ्या पुठ्ठ्याची एक वही. कोणासाठी कोणती सोय केली, कोणाच्या सांगण्यावरून, कशासाठी. आणि शेवटचा रकाना, ‘कधी काढायचे’. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या टंकलेखिकेचे मेल कोणाकडे वळवले, बदली झालेल्या अभियंत्याच्या पत्त्यावर कोणता निरोप लावला, सारे त्यात होते. दर सोमवारी सकाळी, हातातला चहा निवण्याआधी, तो त्या शेवटच्या रकान्यावरून बोट फिरवी आणि ज्याची मुदत संपली ते काढून टाकी. आपल्या जाळ्यात एकही विसरलेली गाठ नाही याचा त्याला अभिमान होता. कोणाला तो कधी बोलून दाखवला नव्हता, इतका तो खरा होता.

साहेब म्हणाले होते, हे वहीत नको.

आणि जे वहीत नव्हते ते त्याच्या सोमवारातही नव्हते. पाचव्याच दिवशी भानगड उघडकीला आली. ठेकेदाराचा ड्रायव्हर अंगणातल्या फळ्यावर खडूने लिहिलेले आकडे येता-जाता फोनवर टिपून नेत होता. सारे कार्यालय पोट धरून हसले, फळा भिंतीकडे तोंड करून ठेवला गेला, आणि काढ असे कोणी म्हणाले नाही. आठ दिवस झाले. मग आठ आठवडे. मग वहिनींच्या नावे येणारी प्रत्येक ओळ सात महिने दोन घरी पडत राहिली, आणि ज्याने ही सोय केली तो रोज संध्याकाळी त्यांना मागे बसवून सिग्नलला थांबत राहिला.

गेल्या आठवड्यात साहेब रजेवर निघाले. आपण जागेवर नाही हे मेल करणाऱ्याला आपोआप कळावे, म्हणून त्यांना आऊट ऑफ ऑफिसचा निरोप लावून हवा होता. या कार्यालयाचा सर्व्हर असले निरोप फक्त आतल्या माणसांना देतो. बाहेरच्यांसाठी ते दार जाळेकरने पूर्वीच बंद करून ठेवलेले, कुठल्या भामट्याला आयतेच कळू नये की पत्ता जिवंत आहे आणि माणूस गावाला गेला आहे. साहेबांना ते पटले नाही. बाहेरच्या मोठ्या लोकांना वाटेल मी त्यांना हिंग लावूनही विचारत नाही, ते म्हणाले. त्याने त्यांच्यापुरते दार उघडले, आणि हे मात्र वहीत सुवाच्य अक्षरात नोंदवले. कधी काढायचे: एकवीस तारीख.

म्हणजे एक खिडकी उघडी ठेवून तो विसरला होता, आणि दुसरी त्याने तारीख लिहून उघडली होती. बुधवारी खारूचे पत्र आईकडे आले. त्याची प्रत साहेबांकडे गेली, तिच्यावर पाठवणारा म्हणून अर्थात खारूचाच पत्ता. साहेबांच्या पेटीने पाहिले, बाहेरून पत्र आले आहे, आणि शहाण्या नोकराप्रमाणे तिने परस्पर उत्तर देऊन टाकले. यंत्राने दगा दिला नव्हता. ते दोनदा सांगितल्याबरहुकूम वागले होते.

वहिनी ऐकत होत्या. ऐकताना त्यांचा हात टेबलाच्या कडेवरून हळूहळू सरकत होता, अहवालातल्या आकड्यांवरून पट्टी सरकवावी तसा.

“दर बुधवारी लिहायचा,” त्या म्हणाल्या. “बुधवारी सुट्टी असते त्याला. काय खाल्लं, कुठली चप्पल तुटली, असलंच काहीतरी. घरातल्या कॉम्प्युटरला डोळे आहेत हे कळलं, म्हणून मी त्याला इथला पत्ता दिला होता. म्हटलं, ऑफिसच्या मेलमध्ये कोण बघतंय. आणि बघणारा असलाच तर आपला माणूस आहे.”

जाळेकरने कीबोर्डला टेकलेला कागद बाजूला सरकवला.

“तुम्ही वाचलीत?”

“नाही. मी कुणाचंच वाचत नाही, वहिनी.”

हे खरे होते, आणि आजवर ते त्याचे भूषण होते. पाणी सोडणाऱ्याने पाण्याची चव घ्यायची नसते, असे तो स्वतःला सांगत आला होता. आता प्रथमच त्याला त्या वाक्याची दुसरी बाजू दिसली. एकदा, चुकून का होईना, त्याने डोकावून पाहिले असते, तर तुटलेल्या चपलेच्या पहिल्याच ओळीवरून त्याने पोराला ओळखले असते आणि त्याच क्षणी ती सोय उपटून फेकली असती. हात स्वच्छ राहिले ते बोटांनी काही चाचपलेच नाही म्हणून.

मग त्याला एक गोष्ट सुचली, आणि बुडत्याने हातपाय मारावेत तशी त्याने कीबोर्डकडे धाव घेतली. साहेबांनी तेव्हा सांगितले होते की या प्रती मुख्य पेटीत नकोत, वेगळ्या कप्प्यात टाक. त्या कप्प्यात काय आहे ते न उघडताही मोजता येत होते. किती आली, किती वाचली. आकडे आले. दोन हजारांच्या वर प्रती. वाचलेल्या एकोणतीस. त्या साऱ्या पहिल्या दोन दिवसांतल्या, गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या. सोमवारपासून साहेबांना बहुधा कंटाळा आला होता. त्यानंतर तो कप्पा कोणी उघडलाच नव्हता.

“वहिनी, हे बघा. बुधवारचं एकही नाही यात. त्याचं एकही पत्र कुणी वाचलेलं नाही. एकसुद्धा नाही.”

वहिनींनी आकड्यांकडे पाहिले. सतरा वर्षे आकडेच पाहिलेली बाई. त्यांनी ते दोनदा पाहिले, आणि पडताळा बरोबर आल्यासारखी मान हलवली.

“हे त्याला कोण सांगणार?” त्या म्हणाल्या.

त्यांनी पर्समधून दुसरा कागद काढला. तो चौपट घडी घातलेला होता. त्यावर काल संध्याकाळपासून त्यांनी पाठवलेली तीन पत्रे होती, आणि तिन्हींखाली एकच शेरा: या पत्त्यावर कोणीही नाही. असले शेरे जाळेकर दिवसाला पन्नास पाहत असे. कोणाचे अक्षर चुकलेले, कोणाची कंपनी बुडालेली. हा त्याने हातात घेतला नाही.

खारूकडे फोन नव्हता का, असे त्याने विचारले. नंबर खारूने कधीच दिला नव्हता. राहण्याचे ठिकाण? तेही नाही. छापखान्यातल्या त्या दुपारनंतर पत्ता कोणालाही नको, तुलासुद्धा नको, असे त्याने पहिल्याच पत्रात लिहिले होते. मेलचा एवढा एकच धागा त्याने आईच्या हाती ठेवला होता. जुन्या पत्रांवरून शोधता येईल, जाळेकर चाचरत म्हणाला. पत्र कुठल्या यंत्रावरून निघालं त्याच्या खुणा असतात, थोडी खटपट केली तर निदान गाव तरी...

“नको,” वहिनी म्हणाल्या. “परत शोधायचं नाही त्याला. एकदा शोधलात तेवढं पुरे झालं.”

“ते दादांनी सांगितलं म्हणून...”

“हेही साहेबांनी सांगितलं म्हणून. तुम्हाला कुणी सांगावंच लागतं, भाऊजी. तुमच्या दादांनी सांगितलं असतं तर ही सोय तुम्ही त्यांच्यासाठीही केली असतीत. त्यांना सुचलं नाही, एवढंच.”

आवाज चढलेला नव्हता. या घरात महत्त्वाच्या गोष्टी आवाज न चढवताच होतात, हे जाळेकरला माहीत होते. काही ना काही करीत राहिले तर बरे, असे वाटून त्याने स्क्रीन वळवून वहिनींसमोर केली. त्यांच्या नावापुढे, फॉरवर्डच्या चौकटीत, बरोबरची एक बारीक खूण होती. त्याने ती काढली. चौकट रिकामी झाली.

“झालं,” तो म्हणाला. “आता एकही प्रत बाहेर जात नाही.”

“उद्या कुणी ती खूण परत केली, तर मला माझ्या जागेवरून दिसेल?”

“नाही.”

“कुणाला दिसेल?”

“मला.”

वहिनी हसल्यासारख्या झाल्या, आणि ते हसू ओठांवर न येता डोळ्यांच्या कडेला सुकून गेले. सहावा ठोकळा बराच वेळ टिकला. यंत्राचा सूर चढत चढत गेला, आणि मग तोही फुटला.

“आता माझं एक काम करा,” त्या म्हणाल्या. “साहेबांना केलंत तसं. मी जागेवर असले तरी. माझ्या पत्त्यावर बाहेरून कुणीही लिहिलं तर लगेच उत्तर जायला पाहिजे. तो नव्या पत्त्यावरून लिहील कधीतरी. खोडी काढायला का होईना, लिहील. तेव्हा मी जेवायला गेलेली असेन, नाहीतर आजारी असेन, नाहीतर रात्रभर बघितलंच नसेल. तेवढा वेळ त्याला रिकामा जायला नको.”

जाळेकरने त्यांच्यापुरते बाहेरचे दार उघडले, निरोपाची कोरी चौकट आणली, आणि काय लिहू, असे विचारले. वहिनी सांगू लागल्या, अहवाल सांगावा तशा, मोजून, विरामांसकट.

“पत्र मिळालं. ते मीच वाचते आहे, दुसरं कुणीही नाही. ज्यांनी पूर्वीची पत्रं वळवली त्यांनीसुद्धा ती वाचलेली नाहीत, मोजून पाहिलं. चप्पल नवी घे, शिवून घेऊ नकोस. लिहीत राहा.”

टंकताना त्याची बोटे एकदा अडली.

“वहिनी, हे सगळ्यांना जाईल. एकट्याला धाडता येत नाही, त्याचा नवा पत्ता आपल्याला ठाऊक नाही म्हणून. सिमेंट कंपनीचा विक्रेता चाचणीचे दर विचारायला लिहितो, त्यालाही जाईल चप्पल नवी घे म्हणून.”

“घेऊ दे त्यालाही. त्याची कुठे बरी असते.”

क्षणभर, सवयीने, दोघांनाही हसू येऊ घातले. या विक्रेत्याच्या चपलांवरून त्यांनी स्कूटरवर कितीदा थट्टा केली होती. मग दोघांनाही एकाच वेळी आठवले की आपण कुठे उभे आहोत, आणि ते हसू कोणी पुरे केले नाही. एका पत्त्याला हे उत्तर एकदाच जाईल, त्याने सांगितले. दुसऱ्यांदा लिहिलं तर सर्व्हर गप्प राहतो. एकदा पुरे आहे, वहिनी म्हणाल्या. दुसऱ्यांदा मी असेन.

निरोप लागला. हिरवी खूण उमटली.

जाळेकरने खण उघडून निळी वही काढली. कोणी सांगितले नव्हते. त्याने सात महिन्यांपूर्वीची तारीख घातली आणि जे तेव्हा लिहायचे राहिले ते लिहिले: अहवाल विभागाचे मेल, प्रत मोठ्या साहेबांकडे, मोठ्या साहेबांच्या सांगण्यावरून, मुदत आठ दिवस. पुढे आजची तारीख: काढले. वहिनी वाकून वाचत होत्या. त्यांचे बोट एका रकान्यावर टेकले.

“कुणाच्या सांगण्यावरून, ते आहे. कुणी केलं, तो रकाना कुठेय?”

तो रकाना नव्हता. सारे एकट्यानेच करायचे असल्यामुळे त्याची कधी गरज पडली नव्हती. जाळेकरने पट्टी घेतली, समासात एक उभी रेघ मारली, वर ‘कोणी केले’ असे लिहिले, आणि त्या ओळीपुढे आपले नाव घातले. जाळेकर नव्हे, दारावरचे, दोघांचे. अक्षर नेहमीइतके चांगले आले नाही.

मग त्याने पुढच्या ओळीवर नवी नोंद सुरू केली. अहवाल विभाग, आपोआप उत्तर, बाहेरच्यांसाठी. कोणाच्या सांगण्यावरून: वहिनींचा हुद्दा. कोणी केले: पुन्हा तेच नाव. आणि पेन शेवटच्या रकान्यापाशी आले. सोमवारी बोट फिरेल ते या रकान्यावरून. इथे तारीख पडली तर त्या तारखेला काढावे लागेल, आणि काही न पडले तर पुन्हा एक गोष्ट अशी उरेल, जी कोणाच्याच सोमवारात नाही.

“वहिनी,” त्याने वर न पाहता विचारले, “हे कधीपर्यंत ठेवायचं?”

पलीकडे नवा ठोकळा यंत्रात सरकवताना घासल्याचा आवाज आला. वहिनींनी दोन्ही कागद उचलले, एकावर एक ठेवून त्यांच्या कडा जुळवल्या, घडी घातली आणि ते पर्समध्ये टाकले. जाळेकरचे पेन रकान्यावर टेकून राहिले होते. शाईचा एक ठिपका तिथे पसरू लागला होता. त्याने मान वर केली तेव्हा त्या दाराशी पोचल्या होत्या. दार त्यांच्यामागे आपोआप लागत आले, आणि खिळ्याला लटकलेली दोन हेल्मेटे एकमेकांवर आपटून हलत राहिली.